भाजीचे वाढदिवस

शाळेत स्वयंपाक करते म्हटलं की समोरचा माणूस लगेच विचारतो, "म्हणजे खिचडीच ना?" जसं काही खिचडी आपली आपण शिजते आणि आम्ही बाया शेजारी उभ्या राहून तिला नुसता धीर देतो. अहो, तीन-चारशे पोरांची खिचडी एकदा करून बघा. घरी भात करपला तर नवरा कुरकुरतो. इथं तळाला लागलं की वास वरच्या मजल्यापर्यंत जातो आणि सातवीची पोरं बाकं वाजवायला लागतात. सातवीच्या पोरांएवढं कडक इन्स्पेक्शन आजवर कुठल्या साहेबानं केलेलं नाही.

या अंकाच्या संपादक ताई आमच्या खोल्यांच्या मागच्या सोसायटीत राहतात. त्या म्हणाल्या, "सुमनताई, इतकी वर्षं काम केलंत, आता अनुभव लिहा." मी म्हटलं, "माझा अनुभव भाजीचा आहे." त्या म्हणाल्या, "छान! हेल्दी विषय आहे." तर घ्या, वाचा हेल्दी.

मी मूळची पाटणकडची. नवरा घाऊक भाजीच्या मार्केटात माथाडी, त्याच्या पाठीमागं मी इकडं आले. घणसोली गावात भाड्याची खोली घेतली, ती अजून तीच आहे. आम्हा सात-आठ बायांचा बचत गट होता, त्याला शाळेच्या जेवणाचं काम मिळालं. शाळेचं नाव सांगत नाही. नाव छापून उगाच कुणाची पेन्शन अडकायला नको.

कामाचं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सकाळी पोरांच्या आधी आम्ही शाळेत. डोक्याला टोपी, अंगात एप्रन. तांदूळ-डाळ ऑफिसकडून यायचं, भाजी ठेकेदाराकडून. शिजलं की पोरांना वाढायच्या आधी मुख्याध्यापिका बाईंनी चव घ्यायची, असा नियम. आमच्या मोठ्या बाई रोज चमचा तोंडात घालून म्हणायच्या, "मीठ जरा..." आणि पुढचं वाक्य पुरं करायच्याच नाहीत. जास्त झालंय का कमी, ते आम्ही त्यांच्या भुवयांवरून ओळखायचं. त्याशिवाय रोजच्या जेवणाचा एक डबा बाजूला काढून ठेवायचा, कुणाला काही झालं तर तपासायला. देवाच्या दयेनं तो डबा कधी तपासावा लागला नाही.

आणि भाजी? भाजी म्हणजे कोबी. मला विचाराल तर कोबी ही देवानं खास शाळेसाठी केलेली भाजी. वरची पानं काढा, चार काप करा, खचाखच चिरा, झालं काम. ना माती, ना देठ, ना निवडणं. चवीचं म्हणाल तर तेवढं सोडून द्या.

असं सगळं सुखानं चाललं होतं आणि वरून आदेश आला, की पोरांच्या जेवणात स्थानिक भाज्या घाला. पोरांना मातीशी नातं कळलं पाहिजे, वगैरे. शाळेच्या सभोवती पेव्हर ब्लॉक. माती औषधाला मिळायची नाही. पण आदेश म्हणजे आदेश.

मीटिंग झाली. आहार खात्याचे साहेब आले. हा माणूस वाईट नव्हता बरं का. कुणाचं काम अडवायचा नाही. फक्त कुठलीही गोष्ट त्याच्या हातात दिली की ती नियमात बसवेपर्यंत त्याला झोप लागायची नाही. आणि बसवता बसवता मूळ गोष्ट कुठं जायची, कुणास ठाऊक.

साहेबांनी विचारलं, "स्थानिक म्हणजे नक्की काय?"

एक बाई म्हणाल्या, "आपल्या राज्यातली." दुसरे सर म्हणाले, "आपल्या मातीतली." साहेबांनी मान हलवली. "माती कुणाची हे कसं ठरवणार? आपण असं म्हणू, शहराच्या हद्दीत उपलब्ध होणारी."

ठेकेदार मागच्या खुर्चीत बसला होता. तो एकदम सरसावून म्हणाला, "साहेब, मार्केट हद्दीतच आहे."

"आहेच की!" साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. चहा आला. त्या दिवसापासून कुठल्या कुठून ट्रकनं आलेली कोबी मार्केटच्या गेटातून आत आली की स्थानिक व्हायला लागली.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो पाठ शेकत बसला होता. म्हणाला, "मग मीबी स्थानिकच की! सारा जन्म त्याच गेटातनं आत जातोय. मालकिणीला सांग जाऊन, म्हणावं ह्यो आता तुमचा गाववाला झाला."

मालकीण म्हणजे हिराबाय. आमची खोली त्यांची, आमच्या शेजारच्याही त्यांच्याच. थोरला मुलगा कामावर, धाकटा बिल्डर, दारात त्याची पांढरी मोठी गाडी. अशा घरातली ही बाई, पण पहाटे उठून डोक्याला फडकं बांधून निघायची ती थेट वाडीत. वाडी कुठं, तर विजेच्या मोठ्या वायरींच्या खाली. सरकारनं इथं शहर वसवलं तेव्हा तळवली गावाच्या अंगाची त्यांची सगळी भातशेती गेली. वायरींच्या खाली बिल्डिंग बांधता येत नाही म्हणून तेवढी पट्टी तशीच राहिली. त्या पट्टीत हिराबाय माठ लावायची, मुळा, भेंडी, वाल, शिराळी. शिराळी म्हणजे आमच्याकडची दोडकी. वरून वायरी गुणगुणायच्या आणि खाली ही बाई वाफ्यांशी बोलायची.

दोन दिवसांनी ती माझ्या दारात आली. हातात माठाची जुडी.

"कं गो सुमन, शालेन आता गावची भाजी पायजे असं ऐकलं?"

"व्हय मावशी. पण कोबी ठरलीय."

"कोबी? आमचे गावान कोबी कुनी लावली गो?" ती उंबऱ्यातच बसली. "माजे वाडीन माठ हाय, मुला हाय, शिराली हाय. ती नाय चालत?"

"चालंल की. पण बिल लागतं. भाव लागतो."

बिल म्हटल्यावर तिचं तोंड असं झालं, जसं काही मी वंगाळ बोलले. "शाला कंच्या जागंव हाय म्हाईत हाय तुला? माजे शेतान. जिथं तुजी चूल हाय ना, तिथं आमचं खलं व्हतं. पोरं माजे शेतान बसतान, मंग ती माजी पावनी. पावन्यांना जेवाला घालून पैसं मागतान कं कुनी?"

शेत जाऊन जमाना झाला, मोबदला मिळाला, त्यातून ही आमची खोलीसुद्धा उभी राहिली. पण हिराबायच्या हिशेबी जमिनीचं मालकपण गेलं तरी यजमानपण तिच्याकडंच राहिलं होतं.

मग आवाज खाली आणून खरं काय ते बोलली. ऑफिसची माणसं टेप घेऊन येऊन गेली होती. पट्टी मोजली होती, खुंट्या मारल्या होत्या. "शालेची भाजी हितून जाते म्हनलं, तं वाडीला कोन हात लावल? पोरांचे तोंडातला घास कोन काढल? तू मोठे बाईंला सांग."

म्हणजे दोन्ही एकाच जुडीत बांधलेलं होतं, पोरांचं जेवणही आणि तिची वाडीही. मला तिची कीव आली, आणि खरं सांगते, अंगावर काटाही आला. तीन-चारशे पोरांचा माठ निवडायचा म्हणजे काय! स्थानिक भाजीचं कौतुक सगळ्यांना असतं. फक्त निवडायला बसायचं म्हटलं की मग तिथं आम्हीच.

मोठ्या बाईंनी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "फुकट? फुकट घेता येणार नाही. फुकट कुठल्या रकान्यात दाखवू?" मग डोळे मिटून विचार केला आणि उघडले तेव्हा चेहऱ्यावर तेज आलं होतं. "तिथीभोजनात घ्या!"

तिथीभोजन म्हणजे, घरात काही शुभ असलं की लोक शाळेतल्या पोरांना काहीतरी गोडधोड खाऊ घालतात. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, कुणी पास झालं. ते घ्यायला परवानगी असते. अट एकच, काहीतरी निमित्त पाहिजे.

"आठवड्यातून दोनदा?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"निमित्त असलं तर माझी रोज घ्यायला हरकत नाही," साहेब म्हणाले.

हिराबायला सांगितलं. ती म्हणाली, "निमित्त ना? घर भरलंय माजं."

पहिलं निमित्त नातवाचा वाढदिवस. खोटा नव्हता, खरंच त्याच आठवड्यात होता. सकाळी धाकट्याच्या गाडीतून माठाच्या जुड्या आल्या आणि वरती कागदात बांधून सुकट. मोठ्या बाईंनी वास घेतला आणि त्या भिंतीला टेकल्याच. "हिराबाय, अहो, शाळेत सुकट नाही चालत!"

"सुकटीबिगर माठ?" हिराबायनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही शाळेत काय चालतं ते सगळं तिला कळून चुकलंय. शेवटी लसणाची फोडणी, वर डाळ, असा तह झाला. आम्ही माठ निवडत होतो तर शोभा, आमच्या गटातली, म्हणाली, "कोबीला कधी वाईट बोलले असीन तर देवा माफ कर."

पोरांनी ताटं बघितली. एक पोरगी म्हणाली, "हे गवत आहे." झालं. गवत, गवत म्हणत सगळा व्हरांडा बोंबलायला लागला. तेवढ्यात मोठ्या बाईंनी माईकवर सांगितलं, की आज हिराआजींच्या नातवाचा वाढदिवस आहे, म्हणून आजींनी आपल्यासाठी ही भाजी आणलीय. पोरांना काय, वाढदिवस म्हटल्यावर गाणं आलंच. 'हॅपी बर्थडे टू यू' म्हणत सगळी पोरं ओरडली, टाळ्या वाजवल्या आणि त्या भरात माठ खाऊन मोकळी झाली. गाणं म्हणून झाल्यावर पार्टी खायचीच असते, हे त्यांना पक्कं ठाऊक. वर एकानं विचारलं, "आजी, तो केवढा झाला?"

तिथून ही पद्धतच पडली. गाणं, मग "केवढा झाला?", मग जेवण.

नातवाचा झाला, नातींचे झाले, सुनांचे झाले, मुलांचे झाले. धाकट्याचा वाढदिवस तर एका हिवाळ्यात तीनदा आला. तो चिडला. "आये, लोक मना इचारतान, तुजा वाढदिवस नक्की कदी असतो?" हिराबाय म्हणाली, "चौकान तुजा बॅनर लागतो तवा कोन इचारतो कं?" ते खरंच होतं. आमच्याकडं वर्षभर कुठल्या ना कुठल्या चौकात कुणाचा तरी वाढदिवस टांगलेला असतो. कुणी विचारत नाही, हा माणूस कोण आणि जन्माला येऊन यानं केलं काय. साहेबांना तर यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट म्हणाले, "मोठं कुटुंब आहे हो त्यांचं!"

माणसं संपली. मग सासऱ्यांची जयंती आली. साहेबांनी हरकत घेतली, जयंती फक्त थोर पुरुषांची धरता येते. हिराबाय तडकली. "माजा सासरा थोर नव्हता? मिठागराची पाली फुटली तवा बांधाचे जागंव छातीभर पान्यान उभा ऱ्हायला व्हता!" साहेबांनी अर्धा तास विचार केला आणि 'ज्येष्ठ नागरिक' असं लावून घेतलं.

आणि एक दिवस निमित्त आलं, खंड्या.

त्याच दिवशी साहेब स्वतः भेटीला. व्हरांड्यात पोरं जोरात गातायत, "हॅपी बर्थडे डिअर खंड्याऽऽ". साहेबही टाळ्या वाजवतायत. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "खंड्या कोण?"

मी डाव पातेल्यात घालून उगाच ढवळायला लागले. मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "त्यांच्या घरातले जुने. शेतीचं सगळं तेच बघायचे."

"वा, वा. तब्येत बरी असते ना?"

खंड्या बैल होता. शेत गेलं त्या वर्षी विकला. मोठ्या बाईंनी एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. त्या दिवसापासून माझा त्यांच्याबद्दलचा आदर इतका वाढला, की मिठाचं अर्धं वाक्यसुद्धा मला गोड लागायला लागलं.

गंमत अशी, की पोरं खरंच भाजी खायला लागली. आमच्या माथाड्यांचीच पोरं ही. बाप दिवसभर भाजीच्या गोण्या वाहतो आणि पोरगं भाजी म्हटलं की पळतं. एका आईनं तर पहिल्या महिन्यात येऊन भांडण काढलं होतं, "माझ्या पोराला पाला का घालता? आम्ही काय शेरडं आहोत?" तीच नंतर हळू आवाजात विचारायला आली, "ताई, ती पाल्याची भाजी कशी करता? घरी मागतोय." मला विचाराल तर माझ्या कामातली हीच एक कमाई. मी फुशारून सांगितलं, "लसूण जास्त आणि आधी एक गाणं म्हणायचं."

मीही निवडायला शिकले. कधी कधी हिराबायबरोबर वाडीत जायचे, पहाटे. ती वाफ्यात बसून म्हणायची, "हा तिसरीच्या पोरांचा. हा सातवीचा, ती लय खातान." सगळ्या शाळेचे वर्ग तिनं वाफ्यांत बसवले होते.

आणि मग साहेब पेढे घेऊन आले.

"आनंदाची बातमी! आपल्या स्थानिक भाजी उपक्रमाचं वरच्या लोकांनी फार कौतुक केलं. आता त्याच धर्तीवर शहरात पोषण उद्यान होणार आहे. मुलांना भाज्या कशा दिसतात ते बघता येईल. मोठाले पुतळे, फायबरचे. वांगं, भोपळा, गाजर. सेल्फी पॉइंट, दिवे. जागासुद्धा मिळालीय, वायरींच्या खालची पट्टी. मोकळीच पडलीय."

मोठ्या बाईंच्या हातातला पेढा तसाच राहिला. "साहेब, ती मोकळी नाही. तिथं भाजी आहे. आपली भाजी तिथूनच येते."

"कुठली भाजी?"

"म्हणजे काय! हिराबायची. तुम्ही एवढं लिहा ना, की या जागेतून शाळेला कायम भाजी मिळते. उद्यान दुसरीकडं करा. तुम्ही लिहिलंत तर वाचेल हो ती वाडी."

साहेबांना खरंच वाईट वाटलं, हे मी शपथेवर सांगते. चष्मा काढून पुसला. "बाई, मी लिहिलं असतं. पण आपल्याकडं भाजी कुठं आहे? आपल्याकडं नुसते वाढदिवस आहेत. शाळेला भाजी पुरवतो ठेकेदार. त्या बाईंनी भाजी दिली असं कागदावर कुठंच नाही. त्यांनी फक्त... साजरे केलेत."

मी आयुष्यात इतकी कधी चिडले नव्हते. हातातला डाव मी पातेल्यावर असा आपटला, की पहिलीची पोरं दारात येऊन उभी राहिली. "अहो, तुम्हीच सांगितलंत ना तसं करायला? खंड्याला टाळ्या वाजवल्यात तुम्ही!"

"हो ना," साहेब म्हणाले. "नियमात तेवढंच बसत होतं."

संध्याकाळी हिराबायला सांगायचं माझ्याच वाट्याला आलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. सुपारी कातरत होती, ती कातरायची थांबली. अडकित्ता खाली ठेवून म्हणाली, "मंग बिल लिव."

"काय?"

"बिल लिव गो. पैसं घेतं मी. इकत दिली म्हनलं, तं भाजी धरतील ना?"

माझ्याकडं बघत नव्हती. पाव्हण्यांना जेवायला घालून पैसे मागायचे, हे तिनं कबूल केलं होतं, वाडीपायी. मला तिथं बसवेना. मी म्हटलं, "मावशी, उद्या जाऊ आपण," आणि उठून आले.

दुसऱ्या दिवशी ती नवं लुगडं नेसून, अंबाड्यात फूल माळून ऑफिसात आली. साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि अटी वाचून दाखवल्या. पुरवठादाराचं गोदाम पाहिजे. गाडी पाहिजे. शाळांना भाजी पुरवल्याचा मागचा अनुभव पाहिजे.

"अनुभव?" मी म्हटलं. "अहो, सगळी शाळा खाऊन बसलीय!"

"तो वाढदिवसांचा," साहेब कळवळून म्हणाले. "आणि मुख्य म्हणजे जमीन स्वतःची पाहिजे, नाहीतर मालकाचं संमतीपत्र. ती पट्टी बाईंची नाही. कागदावर तिथं अतिक्रमण आहे."

"कुनाचं?" हिराबायनं विचारलं.

साहेबांनी अटींचा कागद उलटा करून ठेवला. तिनं चहा पूर्ण संपवला, बशी पालथी घातली आणि उठली. जिना उतरताना मला म्हणाली, "बरा हाय गो तो. चहा चांगला व्हता."

उद्यान आता झालंय, तुम्ही कधीही जाऊन बघा. संध्याकाळी दिवे लागतात. वांग्याला डोळे काढलेत, गाजर हसतं, भोपळ्यावर चढून पोरं घसरतात. माठाचा पुतळा नाही. मी मुद्दाम विचारलं होतं. साहेब म्हणाले, पालेभाजीला आकार येत नाही. उद्घाटनाला पाहुण्यांच्या फोटोसाठी खऱ्या भाजीची एक टोपली हवी होती. त्यासाठी त्यांनी हिराबायकडं माणूस पाठवला. तिनं त्याला काय सांगितलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

पण मला सांगायचंय ते जेसीबी यायच्या आदल्या दिवसाचं.

त्या सकाळी धाकट्याची पांढरी गाडी शाळेच्या दारात लागली. मागच्या सीटवर, पुढच्या सीटवर, डिकीत सगळीकडं भाजी. मुळासकट उपटलेला माठ, बोटाएवढी शिराळी, फुलासकट भेंडी. गाडीच्या गाद्यांवर चिखल. धाकटा एरवी गाडीला कुणाचा हात लागू देत नाही. त्या दिवशी तो खाली मान घालून स्वतः जुड्या उतरवत होता. हिराबाय आमच्यात निवडायला बसली. शोभानं सरकून तिला जागा दिली.

जेवायच्या वेळी मोठ्या बाई माईक घेऊन आल्या आणि वाकून हळूच म्हणाल्या, "हिराबाय, आज निमित्त काय सांगू?"

"सांग, वाडीचं बारावं हाय. गावजेवान."

मोठ्या बाईंनी माईक तोंडाजवळ नेला आणि परत खाली घेतला. त्यांना ते सांगवेना. पोरं वाट बघत होती, समोर ताटं, गाण्यासाठी तोंडं उघडून. शेवटी तिसरीच्या रांगेतून आवाज आला, "आजी, आज कुणाचा?"

हिराबाय म्हणाली, "माजे वाडीचा."

आणि पोरांनी सुरू केलं. पूर्ण आवाजात, टाळ्या वाजवून. "हॅपी बर्थडे डिअर वाडीऽऽ". मी ओरडणार होते, गप्प बसा म्हणून. डाव उचलला होता. हिराबायनं माझा हात धरला.

"गाऊं दे गो. रडाला मी हाय."

आणि ती खरंच रडत होती, सगळ्यांच्या देखत, पदर न लावता.

गाणं संपलं. ठरल्याप्रमाणे पोरांनी विचारलं, "आजी, ती केवढी झाली?"

"लय मोठी झाली," हिराबाय म्हणाली. "जेवा आता. पोटभर जेवा. माजी पावनी हाव तुमी." आणि डाव माझ्या हातातून घेऊन ती पहिलीच्या रांगेपासून वाढत गेली. पोरांनी सगळं संपवलं. मुळासकट आणलेल्यातलं मागं काही राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराची कोबी आली. स्थानिक. आम्ही खचाखच चिरली, लवकर काम झालं. वाढायला लागले तर व्हरांड्यातून पोरांनी विचारलं, "मावशी, आज कुणाचा वाढदिवस?"

"कुणाचा नाही," मी म्हटलं. "गुमान खा."

पोरांनी एकमेकांकडं बघितलं आणि कोबी ताटात तशीच ठेवली.